लॉबीत आडनाव विचारत नाहीत

बोरिवलीला बहिणीकडे गेलो की भाची मला तिच्या खोलीत बसू देते. अट एकच, मध्ये बोलायचं नाही. ती मोबाइलवर बीजीएमआय, म्हणजे पूर्वीचा पब्जी, हा गोळीबाराचा गेम खेळते आणि चांगली खेळते. कानात इअरफोन, पाय खुर्चीवर घेतलेले, दोन्ही अंगठे पडद्यावर. माइक मात्र बंद. चौघांच्या स्क्वॉडमधले बाकीचे तिघं घसा फोडून एकमेकांना सांगत असतात: मागच्या घरात दोघं आहेत, स्मोक टाक, मला रिव्हाइव्ह कर. ही नुसत्या नकाशावर खुणा टाकून काम भागवते. आयडीचं नाव मुलाचं घेतलंय. एकदा न राहवून विचारलं, "तू का बोलत नाहीस गं?" तिने पडद्यावरची नजर न काढता सांगितलं, "मामा, मी बोलले की खेळ संपतो."

खेळ संपतो म्हणजे काय, ते तिने नंतर जेवताना, आईचं लक्ष नसताना सांगितलं. आवाज ऐकला की पहिला प्रश्न, "लडकी है क्या?" दुसरा, इन्स्टाचा आयडी. दिला नाही, आणि त्यात एखादा नेम चुकला, की स्वयंपाकघरात जाण्याचा सल्ला. आणि सामना हरला, की त्यापुढचं. ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

हे मी मुलुंडला आमच्या सोसायटीच्या बाकावर सांगितलं. तिथे संध्याकाळी जमणारे आम्ही सात-आठजण कुठल्याही विषयावर दोन गट पाडू शकतो, तसे याही विषयावर पडले. एक गट म्हणाला, "अरे गेम आहे तो, मनावर काय घ्यायचं?" दुसरा म्हणाला, "गेमच आहे ना तो, मग मोबाइल काढून घ्यावा." दोघांनाही त्या खोलीत नेमकं काय होतं ते ऐकायचं नव्हतं. मला दोन्ही पक्ष अमान्य आहेत. पहिल्याचा समाचार जरा सविस्तर घेतो, कारण त्याच्या बाजूने बोलणारे जास्त हुशार असतात.

त्यांचं म्हणणं असं. शिवी ही मुंबईच्या मैदानाची भाषा आहे. गल्ली क्रिकेटमध्ये धावबाद झालेला पोरगा काय स्तोत्र म्हणतो? शिमग्याला तर आपण बोंब मारायला आणि शिव्या द्यायला सणातच जागा करून दिली. विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरणाऱ्याला आणि चढणाऱ्याला जे ऐकावं लागतं ते कुठल्या शब्दकोशात आहे? पोरं तापतात, बोलतात, विसरतात. त्यात पूर्वग्रह, विखार वगैरे शोधणं म्हणजे कॉलेजच्या पुस्तकातली भाषा गल्लीवर लादणं.

यातलं बरंच मला कबूल आहे. मी स्वतः शिवराळ माणूस आहे, आणि मुलुंडहून पंचवीस वर्षं सीएसएमटीची गाडी पकडली आहे. खेळातल्या शिवीबद्दल माझी तक्रारच नाही. 'नूब', 'बॉट', 'कसला कॅम्पिंग करत बसलायस घुशीसारखा', ही सगळी खेळावरची टीका आहे. नेम सुधारला की ती गळून पडते. पण 'घाटी', 'भैया', 'चिंकी' यांना नेम सुधारून उत्तर देता येत नाही. नावावरून धर्म कळला की 'पाकिस्तान जा', मुलगा हळुवार बोलला की 'मीठा', जातीचं नाव शिवीसारखं फेकणं, यांचा चुकलेल्या गोळीशी काय संबंध? पहिली शिवी तू वाईट खेळलास असं म्हणते. दुसरी म्हणते, तू इथे आलासच कसा. आणि शिमग्याचं म्हणाल, तर तो वर्षातून एकदा असतो, सगळ्या गावाचा असतो, आणि कोण कोणाला बोंबलतोय ते तोंड ओळखून सगळ्यांना ठाऊक असतं. गल्लीतल्या पोराच्या आईचा पत्ता ठाऊक असतो. गेमच्या लॉबीतल्या पोराला आई नाही, गल्ली नाही, फक्त आयडी आहे, आणि तो बॅन झाला तर दहा मिनिटांत दुसरा.

मैदानाचा दाखला देणाऱ्यांनी मैदानाचा पुढचा इतिहासही सांगावा. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याच वानखेडेवर अँड्र्यू सायमंड्सला काही प्रेक्षकांनी माकडाचे हावभाव करून चिडवलं. तेव्हाही गंमत होती, क्रिकेट होतं, मनावर घ्यायचं नव्हतं. पण काहींना स्टेडियमबाहेर काढलं गेलं. २०२१ च्या जानेवारीत सिडनीत मोहम्मद सिराजने सीमारेषेवरून येऊन पंचांकडे प्रेक्षकांच्या शिवीगाळीची तक्रार केली, खेळ काही मिनिटं थांबला, सहा प्रेक्षकांना उठवलं. त्या दिवशी आमच्या बाकावर सिराजच्या बाजूने सगळे एकजात उभे होते. 'मनावर काय घ्यायचं' असं कोणीही म्हणालं नाही. म्हणजे मैदानात काय चालतं आणि काय चालत नाही याची समज आपल्याला आहे. ती फक्त आपल्या माणसाच्या वाट्याला आलं की जागी होते.

'छपरी' हा शब्द घ्या. गेली काही वर्षं उपनगरातल्या प्रत्येक पोराच्या तोंडी आहे. केस रंगवलेला, घट्ट पँटवाला, स्वस्त बाइकवर तिघं बसून जाणारा, तो छपरी. गेममध्ये साधा फोन असलेला, ज्याची फ्रेम अडकते, ज्याच्या मागे घरातला टीव्ही ऐकू येतो, तोही छपरी. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंद ही एक जमात आहे. इंग्रजांनी ज्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं आणि ज्यांच्यावरचा तो शिक्का १९५२ साली निघाला, त्यांतली. हा शब्द त्यांच्याच नावावरून आला असं बरेचजण सांगतात. व्युत्पत्तीचं भांडण भाषेच्या जाणकारांनी सोडवावं. मला एवढं दिसतं की शब्द जिथून कुठून आला असेल, तो आज अचूक कोणाला लागतो हे वापरणाऱ्या प्रत्येक पोराला पक्कं ठाऊक आहे. लोखंडवालातल्या टॉवरमधल्या मुलाने निळे केस केले तर त्याला कोणी छपरी म्हणत नाही.

याच जातकुळीतलं दुसरं भांडण म्हणजे पब्जी मोठा की फ्री फायर. बाहेरच्याला हे हापूस-पायरीसारखं चवीचं भांडण वाटेल. पण फ्री फायर कमी ताकदीच्या, स्वस्त फोनवर चालायचा आणि पब्जीला बरा फोन लागायचा. त्यामुळे 'फ्री फायरवाला' ही चक्क उत्पन्नाच्या गटावरून दिलेली शिवी झाली. भांडुपच्या डोंगरावरच्या चाळीतला मुलगा आणि पवईच्या तळ्याकाठचा मुलगा एरवी एकमेकांना भेटतही नाहीत. इथे भेटले, आणि पहिली ओळख फोनच्या किमतीवरून झाली.

"पण असं करणारे मूठभर टवाळ असतात हो," ही पहिल्या गटाची राखीव फळी. हे ऐकायला सुखाचं आहे. मूठभर असतील तर हाकलून दिले की झालं, आपली पोरं सुटली. दुर्दैवाने ज्या कंपन्यांच्या हाती खरी नोंद असते त्यांना वेगळं दिसलं. 'लीग ऑफ लेजेंड्स' हा गेम चालवणाऱ्या रायट कंपनीत जेफ्री लिन नावाचे संशोधक खेळाडूंच्या वागण्याचा अभ्यास करत. २०१३ साली त्यांनी गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत मांडलं ते असं: सतत विषारी वागणारे खेळाडू जेमतेम १ टक्का, आणि एकूण घाणेरड्या वागण्यात त्यांचा वाटा फक्त ५ टक्क्यांच्या आसपास. सगळ्यात मोठा वाटा, ७७ टक्के, एरवी सरळ वागणाऱ्या साध्या खेळाडूंचा. म्हणजे तुमचा माझा मुलगा. क्लासमध्ये टेस्ट वाईट गेली, बाबा ओरडले, नेट अडकलं, आणि मग समोर जो सापडला त्याच्यावर निघालं. मूठभर टवाळ पकडून हा प्रश्न सुटणार नाही, कारण मूठ आपलीच आहे.

मग वैतागलेल्या पोराचा राग नेमका कोणावर निघतो? यावरही काम झालंय. 'हेलो ३' या गेममध्ये दोघा अभ्यासकांनी आधी रेकॉर्ड केलेली तीच ती साधी वाक्यं कधी पुरुषाच्या, कधी बाईच्या आवाजात ऐकवली, कधी काहीच ऐकवलं नाही. २०१३ साली छापून आलेला निष्कर्ष: बाईच्या आवाजाला पुरुषाच्या आवाजापेक्षा तिप्पट वाईट बोलणी. पुढे २०१५ मध्ये त्याच नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली. तिच्याशी सगळ्यात वाईट वागणारे ते, जे स्वतः वाईट खेळत होते. चांगल्या खेळाडूंना तिचा त्रास नव्हता, उलट ते तिच्याशी बरे वागत. हे वाचून मला आमच्या ऑफिसातली प्रमोशनची यादी लागल्यावरची दुपार आठवली. असो.

भाची म्हणते ते यात जसंच्या तसं सापडतं. आवाज निघेपर्यंत लॉबीत कोणी कोणाला ओळखत नाही. माइक चालू झाला की त्यातून मुलगी कळते, गाव कळतं, हिंदी बोलण्याच्या ढंगावरून प्रांत कळतो, मागच्या कुकरच्या शिटीवरून आणि पत्र्यावरच्या पावसावरून घरही कळतं.

"मग म्यूट आहे की! ज्याचा त्रास होतो त्याला गप्प करावं." हा सल्ला देणाऱ्याने हा गेम कधी खेळलेला नसतो. चौघांच्या खेळात साथीदाराचा आवाज म्हणजे अर्धे डोळे. शत्रू कुठल्या दिशेला आहे हे तो सांगतो. त्याला म्यूट केलं की तुम्ही हरता, आणि हरलात की मुली खेळू शकत नाहीत हे सिद्ध होतं. दंड कोणी भरायचा? ज्याने घाण केली तो बोलतच राहतो, जिच्यावर केली तिने कान बंद करायचे.

इथे कोणीतरी मला लेडीज स्पेशलची आठवण करून देईल, आणि ती योग्य आहे. ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली महिला विशेष लोकल सुटली. माझी बहीण त्या गाडीने वर्षानुवर्षं गेली आणि त्या गाडीला नावं ठेवलेली तिला आजही खपत नाहीत. मलाही नावं ठेवायची नाहीत. फक्त मुलींच्या लॉबी, मुलींच्या स्पर्धा हव्यातच, तिथे मुली पहिल्यांदा माइक चालू करतात. पण १९९२ च्या गाडीने जनरल डब्यातल्या पुरुषांना काही शिकवलं नाही, आणि तिची वेळ चुकली की बाईला नेहमीच्याच गाडीत चढायचं असतं. वेगळा डबा ही सोय आहे. तो आहे म्हणून बाकीच्या डब्यांची जबाबदारी सुटत नाही.

बाईने नव्या जागी पाऊल टाकलं की काय होतं हे मुंबईला नवीन नाही. आनंदीबाई जोशी मुंबईत पायांत बूट-मोजे घालून, हातात पुस्तकं घेऊन शाळेत जायच्या, तेव्हा लोक खिडक्यांतून डोकी काढून बघत, हसत, ही कोण चालली म्हणून ओरडत. त्यांनीच ते सांगून ठेवलंय. तेव्हाही कोणीतरी 'लक्ष देऊ नकोस' म्हणालंच असेल.

आता दुसरा गट, बंद करा म्हणणारा. यांच्याबद्दल मला जास्त सहानुभूती आहे, कारण ते घाबरलेले आईबाप आहेत. पण भीतीने काय काय केलं ते एकदा बघू. २०१७ च्या जुलैत अंधेरी पूर्वेत एका १४ वर्षांच्या मुलाने जीव दिला. त्यामागे 'ब्लू व्हेल' नावाचा गेम असल्याच्या बातम्यांनी घराघरात धडकी भरली, शाळांनी पालकांना पत्रं पाठवली, फोन तपासले गेले. २०१८ च्या जानेवारीत सरकारने संसदेत सांगितलं की तपासलेल्या कुठल्याही प्रकरणात त्या गेमचा हात सिद्ध झाला नाही. तोवर अंधेरीतल्या त्या मुलाच्या मनात काय होतं हा प्रश्न विचारायचं कोणाला आठवलंच नाही. गेमने उत्तर आयतं पुरवलं होतं.

२०१९ च्या सुरुवातीला मुंबईतल्याच ११ वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत उच्च न्यायालयात याचिका करून पब्जीवर बंदी मागितली. हिंसा, आक्रमकता यांच्याबरोबर त्या याचिकेत सायबर छळाचाही उल्लेख होता. मला ही बाब फार महत्त्वाची वाटते. गोळ्यांपेक्षा बोलण्याचा त्रास होतो हे त्या वयाच्या पोराला कळलं होतं. मोठ्यांना फक्त बंदूक दिसली.

पब्जी बंद झाला तो २ सप्टेंबर २०२० ला, ११८ ॲपमधला एक म्हणून, चीनशी बिघडलेल्या संबंधांमुळे. मुलांच्या तोंडच्या भाषेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय नावाने परत आला. पुन्हा जुलै २०२२ मध्ये गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. दर वेळी नकाशे परत आले, बंदुका परत आल्या आणि त्याच तोंडातून तेच शब्द परत आले. मधल्या काळात पोरं दुसऱ्या गेममध्ये गेली आणि आपली भाषा बरोबर घेऊन गेली.

पण या येण्याजाण्यात एक गोष्ट घडली तिची कोणी दखल घेतली नाही. परत येताना कंपनीने भारतासाठी खास बदल केले. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास, खर्चाला रोजची मर्यादा, पालकांचा फोन नंबर. ही काल्पनिक दुनिया आहे अशी सूचना. आणि रक्त लालऐवजी हिरवं. पालक, पत्रकार, मंत्री, सगळ्यांच्या आक्षेपांचं सार काढलं तर शेवटी रक्ताचा रंग निघाला. सोबतच्या मुलीला काय ऐकावं लागतं, हा आक्षेप कोणी जोर लावून घेतलाच नव्हता, म्हणून त्याचं उत्तरही कोणी शोधलं नाही. मागितलं असतं तर मिळालं असतं. ज्यांना रक्त हिरवं करता येतं त्यांना बरंच काही करता येतं.

आणि बंदीवाल्यांना एक रोखठोक प्रश्न. गेम मुलांना हे शिकवतो म्हणता. २०२३ च्या सप्टेंबरात मुलुंड पश्चिमेच्या एका सोसायटीत मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारली, ती मराठी म्हणून. त्या सोसायटीत कुठला गेम चालू होता? २०२५ च्या एप्रिलमध्ये घाटकोपरला मासे-मटण खाणाऱ्या मराठी कुटुंबाला शेजाऱ्यांनी घाणेरडे म्हटल्याचा आरोप झाला आणि सगळं उपनगर तापलं. त्यांनी हा शब्द कोणत्या लॉबीत ऐकला होता? आणि आपण मराठी माणसं 'भैया' हा शब्द कसा उच्चारतो, मुसलमान भाडेकरूला 'सोसायटीचा नियम' कसा दाखवतो, ते मुलं जेवणाच्या टेबलावर ऐकत असतात. लॉबीत पोरगा बोलतो ती आपल्या लिफ्टमधली भाषा असते, फक्त आवाज मोठा करून. मोबाइल काढून घेतला तर ती घरात राहील. जिथून आली तिथेच.

आता माझं म्हणणं सांगतो. मला हा खेळ टिकायला हवा आहे, आणि त्याला कारण आहे. उपनगरातल्या मुलांना एकमेकांत मिसळायच्या जागा झपाट्याने संपल्या. मैदानांवर फी आणि क्लब आले, शाळा पैशांनुसार वेगळ्या झाल्या, सोसायट्या खाण्यानुसार. घर भाड्याने घेताना आडनाव विचारतात, पूर्ण नाव विचारतात, मग जागा नुकतीच गेली म्हणतात. गेमच्या लॉबीत आडनाव विचारत नाहीत. रात्री साडेनऊला चार अनोळखी पोरं एका विमानातून उडी मारतात, त्यांतला एक मुलुंडचा, एक इंफाळचा, एक इंदूरचा, एक कुर्ल्याचा, आणि अर्धा तास एकमेकांच्या पाठीला पाठ लावून जगतात. आपल्या शहराने गेल्या तीस वर्षांत एवढी मिसळलेली जागा बांधलेली नाही. ती घाण झाली तर झाडायची असते. कुलूप लावून आपण कोणाचं भलं करणार?

झाडायचं कसं, तर कायदा आणा असं म्हणणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना पालघरची आठवण करून द्यावी लागते. २०१२ च्या नोव्हेंबरात, बोरिवलीहून त्याच पश्चिम रेल्वेने जावं अशा पालघरमध्ये, फेसबुकवरच्या दोन ओळींसाठी दोन मुलींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ. 'अपमानकारक', 'त्रासदायक' अशा ढगळ शब्दांवर उभं होतं ते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला ते मोडीत काढलं. वाईट बोलणाऱ्याला पकडायला ढगळ कायदा केला की तो आधी कोणाला पकडतो हे आपण बघितलंय, त्या मुलीच होत्या. बाईची अब्रू दुखवणारे शब्द, पाठलाग, लहान मुलांची लैंगिक छेड, लोकांदेखत जातीवरून अपमान, यांना आजच कायदे आहेत. व्हॉइस चॅट 'लोकांदेखत' धरायची का हे न्यायालयांनी ठरवावं. पोलीस ठाण्यात 'गेममध्ये शिवी दिली' हे सांगणाऱ्या मुलीला बसायला खुर्ची मिळाली तरी सध्या पुष्कळ.

लिन यांच्याच कंपनीने केलेला एक छोटा प्रयोग मला या सगळ्याहून जास्त आशा देतो. समोरच्या संघाशी बोलायची सोय त्यांनी काढून टाकली नाही, फक्त सुरुवातीला बंद ठेवली. ज्याला हवी त्याने चालू करावी. एवढ्यानेच वाईट बोलणं जवळजवळ ३३ टक्क्यांनी उतरलं, चांगलं बोलणं ३४ टक्क्यांनी चढलं, आणि एकूण गप्पा होत्या तेवढ्याच राहिल्या. म्हणजे पोरं बोलायची थांबली नाहीत, एक बटण दाबायच्या क्षणापुरती थांबली. दाराला उंबरठा असतो तसा. आपल्याकडे अनोळखी चौघांच्या आवाजाचं दार पहिल्यापासून सताड उघडं का असावं?

याच कंपनीने 'व्हॅलोरंट' या गेममध्ये आवाज नोंदवून त्यातली शिवीगाळ ओळखायची यंत्रणा तयार करायला २०२२ मध्ये सुरुवात केली. ती उत्तर अमेरिकेत, इंग्रजीसाठी. आपल्या पोरांची भाषा म्हणजे हिंदीच्या पोटात मराठी, त्यात गुजराती फोडणी, वर इंग्रजी. लिहिलेल्या चॅटमध्ये चार शब्द तारांकित होतात, पण रोमन लिपीत एक मराठी शिवी सहा प्रकारे लिहिता येते आणि पाचवीतल्या मुलाला सहाही येतात. भारताला मोठी बाजारपेठ म्हणणाऱ्यांनी इथे इथली भाषा कळणारी माणसं बसवावीत. तक्रारीचं पुढे काय झालं हे तक्रार करणाऱ्याला कळवावं. भाचीने वर्षभरात किती रिपोर्ट केले याचा तिने हिशोब ठेवलेला नाही. उत्तरांचा हिशोब सोपा आहे, ती सांगते, एकही लक्षात राहण्यासारखं नाही.

ही भाषा पसरवण्यात गेम स्ट्रीम करणाऱ्यांचा वाटा मोठा आहे, आणि तिथे मला चांगलं उदाहरण घरातलंच सापडतं. मिथिलेश पाटणकर, मिथपॅट, या आपल्या मुंबईच्या मराठी मुलाने आईबापांसमोर लावता येईल असा विनोद करून कोटीहून जास्त माणसं जोडली. शिवीशिवाय गेमचा व्हिडिओ चालत नाही म्हणणाऱ्यांचं काय करायचं मग? २०२४ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधानांनी सात गेमरना भेटायला बोलावलं त्यात तोही होता. त्या सातांत बाई एकच, पायल धारे. मुली कमी खेळतात म्हणून एक, असं म्हणणाऱ्यांनी आधी किती मुली माइक बंद करून, मुलाचं नाव लावून खेळतात ते मोजायचा मार्ग काढावा. मोजता येत नाहीत, कारण त्या दिसू नयेत याची सोय आपणच केली आहे.

घरचं म्हणाल तर २०२५ च्या ऑक्टोबरात जुहूत राहणाऱ्या अक्षय कुमारने पोलीस मुख्यालयातल्या कार्यक्रमात मुख्यमंत्र्यांसमोर एक अनुभव सांगितला. त्याची १३ वर्षांची मुलगी ऑनलाइन गेम खेळत होती. अनोळखी माणसाने आधी छान खेळतेस म्हणत गोड बोलून घेतलं, मग विचारलं, मुलगा की मुलगी? मुलगी कळल्यावर नग्न फोटो मागितला. तिने गेम बंद केला आणि आईला सांगितलं. त्यावर शाळेत आठवड्याला सायबरचा तास हवा अशी मागणी त्याने केली. तास जरूर असावा. मला त्या गोष्टीत दोन गोष्टी दिसतात. प्रश्न तोच, बोरिवलीत माझ्या भाचीला विचारतात तो: मुलगा की मुलगी. आणि ती मुलगी आईकडे गेली, कारण आई 'आधी मोबाइल दे इकडे' म्हणणार नाही याची तिला खात्री असावी. आमच्या बाकावरच्या दुसऱ्या गटाने नेमकी ही खात्री घालवली आहे. बंदीची धमकी दिलेल्या घरातली मुलगी तक्रार करत नाही. तिला ठाऊक असतं, गुन्हा त्याचा असेल, पण फोन हिचा जाईल.

तेव्हा आईबापांनी, मामांनी, काकांनी खोलीत जाऊन बसावं. इअरफोन काढून आवाज स्पीकरवर घ्यायला सांगावं, आठवड्यातून एक सामना. पहारा म्हणून नको, प्रेक्षक म्हणून, जसे आपण पोराची क्रिकेटची मॅच बघायला उन्हात उभे राहतो तसे. मुलीच्या बापाने बसावंच. मुलाच्या बापाने तर आधी बसावं. आपलं पोरगं रँडम भेटलेल्या मुलीशी, बिहारच्या मुलाशी, अडखळणाऱ्या फोनशी काय बोलतं ते एकदा ऐकावं. बहुतेकांना ते शब्द ओळखीचे वाटतील आणि कोणाच्या तोंडचे तेही आठवेल.

मागच्या रविवारी मी बोरिवलीला होतो. भाचीने बोलायचं नाही ही अट घातलीच, पण स्पीकर चालू केला. तिघं अनोळखी. एकजण तर पडल्या पडल्या दुसऱ्याला 'छपरी' म्हणाला. दुसरा काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याच दुसऱ्याच्या मागे कोणीतरी बाई ओरडली, "अरे जेवायला ये, पोळ्या गार होतायत." दोन क्षण सगळं शांत. मग तो पहिला, वेगळ्याच आवाजात, "भाऊ, मराठी का? कुठून?" उत्तर आलं, "विक्रोळी, कन्नमवार." "अरे, मी भांडुप."

त्या दोघांचं जुळलं, आणि मला बरं वाटायच्या आत भाचीने माझ्याकडे बघितलं. मराठी निघाला नसता तर तो छपरीच राहिला असता, हे तिला माझ्या आधी कळलं होतं. तिसरा मुलगा, ज्याला मराठी येत नव्हतं, एव्हाना गप्प झाला होता. भाचीने नकाशावर त्याच्याजवळ खूण टाकली, औषधाची पेटी आहे म्हणून. तो आला, उचलली, म्हणाला, "थँक्स भाई."

तिचा अंगठा माइकच्या बटणावर गेला. थोडा वेळ तिथेच राहिला.